गोदामांच्या उभारणीकडे मुले कशी वळतील?

प्रश्न : मी सोलापुरातील एका तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. मालसाठवणुकीच्या मोठ्या इमारती बांधून भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना तरुण माणसे हवी आहेत, असे ऐकू येते. परंतु वर्गात हा विषय काढला, की ‘पदविका घेऊन गोदामात काय करायचे?’ असे मुले विचारतात. त्यांना या क्षेत्राकडे कसे वळवावे?
– एक अधिव्याख्यात्या, सोलापूर

उत्तर : मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नेमके उत्तर देणे हाच त्यांना वळवण्याचा मार्ग आहे. बाजार समितीतील पोत्यांच्या थप्प्या आणि दाराशी बसलेला कारकून एवढेच गोदाम त्यांनी पाहिले आहे. त्यामागे जमिनीची निवड, आराखडा, बांधकाम, भाडेकरार आणि पुढे वर्षानुवर्षांची देखभाल अशी कामे असतात, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील कर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत असत. नंतर करापेक्षा रस्ता आणि अंतर यांना महत्त्व आले, थोडी पण मोठी गोदामे बांधली जाऊ लागली, आणि त्याच वर्षी या क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाल्याने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणेही सुकर झाले. पुणे–हैदराबाद आणि धुळे–विजयपूर हे महामार्ग जिथे एकत्र येतात, त्या सोलापूरच्या मुलांना हा बदल नकाशा समोर ठेवूनच समजावून सांगता येईल.

मात्र भाषणापेक्षा अभ्यासाचा एखादा खराखुरा प्रश्न त्यांना अधिक ओढून घेईल, आणि तो आपल्या मातीतच आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आधुनिक गोदामातील रॅक मात्र दहा मीटरपर्यंत उंच जातात, त्यामुळे फरशीतील किंचित चढउतारानेही वर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचा तोल बिघडू शकतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतला किंवा अक्कलकोट रस्त्याकडचा असा एखादा भूखंड गृहीत धरून मुलांना विचारावे, की माती किती खोल काढायची, मुरूम भरायचा की चुन्याने माती स्थिर करायची, काँक्रीटचे सांधे कुठे घ्यायचे, आणि पावसाचे पाणी पायापासून दूर कसे न्यायचे. त्यांच्या अभ्यासक्रमातील मृद्‍‍शास्त्राचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या इमारतीत दिसेल, असे मला वाटत नाही. सुमारे सोळा मीटर लांबीचा ट्रेलर डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, लागण्यासाठी आवारात किती मोकळी जागा हवी, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली काम करणाऱ्यांना उष्मा कसा सुसह्य होईल, आणि चादरी-टॉवेलसारखा सुती माल साठवायचा असेल तर आग विझवण्याची फवारा यंत्रणा व पाण्याची टाकी केवढी असावी, हेही प्रकल्पांचे विषय आहेत. गोदामाची भेट ठरवाल तेव्हा मोजमापाचे असे काम मुलांच्या हाती देऊनच न्यावे. आणि जमल्यास हे तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षीच करावे, कारण शेवटच्या सत्रापर्यंत बहुतेकांचे निर्णय होऊन गेलेले असतात.

दुसरी जबाबदारी कंपन्यांची आहे, आणि ती आपण त्यांच्याकडे निःसंकोचपणे मागावी. चाकण-भिवंडीकडे प्रशिक्षणासाठी येणाऱ्या मुलाला खोलीभाडे व जेवण भागेल एवढे विद्यावेतन मिळाले नाही, तर हे क्षेत्र केवळ सुस्थितीतील घरांपुरते उरेल. साइटवर मुलींसाठी स्वच्छतागृह आणि सुरक्षित ये-जा यांची सोय आहे का, काम कोण शिकवणार आणि दोन वर्षांनी कोणते पद मिळणार, हे लेखी मिळाल्याखेरीज विद्यार्थी पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांचा विश्वासही आकर्षक जाहिरातींपेक्षा अशा लेखी हमीनेच मिळतो.

प्रश्न : मी बार्शीत बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बांधकामाचे शिक्षण नसताना मला या क्षेत्रात वाव आहे का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : निश्चित आहे. इमारत उभी राहिल्यानंतर तिचे उत्पन्न भाडेकरारावर अवलंबून असते. भाडेवाढ किती व केव्हा, भाडेकरूला किती काळ जागा सोडता येणार नाही, देखभालीचा खर्च कोणी सोसायचा, अनामत रक्कम किती, ही कलमे वाचून त्यांचा हिशेब मांडू शकणारी माणसे या व्यवसायाला लागतात. त्याच्या आधीच्या टप्प्यावर सातबारा, फेरफार आणि जमिनीच्या अकृषिक वापराची कागदपत्रे तपासावी लागतात; ग्रामीण भागातील मुलांनी ही कागदपत्रे बहुधा घरीच पाहिलेली असतात, आणि ही ओळख तेथे उपयोगी पडते.

बार्शीच्या तूर-ज्वारीच्या बाजाराजवळ राहत असल्याने तुम्ही २००७ चा वखार विकास व नियमन कायदाही अभ्यासावा. नोंदणीकृत वखारीत ठेवलेल्या मालाची हस्तांतरणीय पावती तारण ठेवून शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला बँकेचे कर्ज मिळू शकते, आणि त्यामुळे पडत्या भावात माल विकण्याची सक्ती टळते. सुरुवात म्हणून राज्य वखार महामंडळाच्या जवळच्या केंद्रावर जाऊन अशी एखादी पावती प्रत्यक्ष पाहा, भाड्याचा दर कसा आकारतात ते विचारा, आणि एखाद्या परिचित वकिलाकडून व्यापारी जागेच्या भाडेकराराचा नमुना मिळवून तो कलमवार वाचून काढा.