आठ काळे चौकोन

"मावशी, मी नाशिकहून घरूनच काम करते. आठ महिन्यांपूर्वी टीम लीड झाले. माझ्या हाताखाली आठ जण आहेत, कुणी पुण्यात, कुणी नागपूरला, इचलकरंजीत, हैदराबादला. कुणी कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही. सकाळच्या मीटिंगला आठ काळे चौकोन दिसतात. कॅमेरा सक्तीचा केला, तर थोडंफार बोलणारेही गप्प झाले. शुक्रवारी ऑनलाइन तंबोला ठेवला, तिघं आले. मागच्या महिन्यात एका ज्युनिअरच्या चुकीमुळे क्लायंटची बिलं दोन दिवस चुकीची गेली. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तो बोलला नाही. नंतर समजलं की त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांची बायपास झाली होती. मला कुणीच काही का सांगत नाही? वरचे म्हणतात, सगळ्यांच्या लॅपटॉपवर ट्रॅकर टाक."

प्रिय मुली,

ट्रॅकरचं आधी उरकते. टाकू नकोस. माउस हलतोय की नाही, स्क्रीनवर काय उघडलंय, असलंच त्याला कळतं, आणि माउस आपोआप हलवत ठेवणारं यंत्रही बाजारात मिळतं. बिलं चुकत होती त्या दोन दिवसांत त्या पोराच्या नावापुढचा हिरवा ठिपका बहुतेक लागलेलाच असेल.

तंबोल्याचंही राहू दे. संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटायला टपलेल्या माणसाला "टू फॅट लेडीज, एटी एट" ऐकवून जवळीक होत नाही.

तुझ्या पत्रातले ते दोन दिवस मात्र मला खुपले. मी बँकेत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या हेड कॅशिअरनी चहा बशीत ओतता ओतता आपणहून सांगितलं, "मी एकदा दहाच्या बंडलाऐवजी पन्नासचं दिलंय. पगारातून भरलंय." एवढंच बोलून ते काउंटरवर गेले. तीन महिन्यांनी माझी रोकड जुळेना, तेव्हा पाय आपोआप त्यांच्याकडेच वळले. तुझ्या पोराला असं कुणी सांगितलेलं नाही. तुझी एकही चूक त्याला माहीत नसणार. त्याला तू दिसतेस ती फक्त सकाळी सव्वादहाला, "एनी ब्लॉकर्स?", म्हणजे काम कुठे अडलंय का, असं विचारताना.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्याच नावावर जास्त चुका! खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा, की त्या टीममधली माणसं चुका बोलून दाखवत होती, बाकीची दाबून ठेवत होती. तेव्हा तुझ्याकडे सगळं आलबेल दिसेल त्या महिन्यात जास्त सावध राहा.

सोमवारच्या मीटिंगला तूच सुरुवात कर. गेल्या आठवड्यात तुझा कुठला अंदाज चुकला, कुठल्या मेलला तू उत्तर द्यायचंच विसरलीस, ते सांग. मात्र खरंखुरं सांग. "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे" छापाचं काही नको. पहिल्या दोन-तीन सोमवारी सगळे चिडीचूप राहतील. राहू देत. आणि कुणी चूक सांगितलीच, तर त्या दिवशी "का झालं" विचारण्याआधी "बरं झालं लगेच सांगितलंस" एवढं म्हण. तुझा आवाज त्या क्षणी कसा लागतो, हे बाकीचे सात जण कान देऊन ऐकत असतील.

कॅमेऱ्याची सक्ती काढ. टू बीएचकेमध्ये कुणी ओट्याशेजारी बसलेलं असतं, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि बनियनवरचे सासरे. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाला साधा फोन कर, चालता चालता, वीस मिनिटं. कामाचं नंतर.

आणखी एक. तुमचा क्लायंट कॅलिफोर्नियाचा आहे, रात्री नऊचा कॉल कायम त्याच दोघांच्या गळ्यात पडतो, असं तू ताजा कलममध्ये ओझरतं लिहिलंयस. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तोच कॉल दहाला सरकतो. पाळी लाव, आणि त्या यादीत पहिलं नाव तुझं घाल. माझ्या मते भरवसा बसण्याचं निम्मं काम एवढ्यानंच होईल.

ट्रॅकरसाठी वरच्यांनी पैसे काढलेच असतील, तर त्यातून सगळ्यांना दोन दिवस पुण्यात एकत्र आणायचं मागून बघ. सकाळी काम, दुपारी जेवण, बाकी मोकळं. "टीम बिल्डिंग"वाला बोलावू नकोस, तो माणसांना दोऱ्यांना लटकवतो.

हे सगळं सोमवारपासून. आज संध्याकाळी त्या मुलाला फोन कर. वडील आता चालायला लागले का, पथ्याचं कोण बघतं, त्याला सुट्टी हवी आहे का, ते विचार. बिलांचं नाव काढू नकोस. त्यानं आपणहून काढलं, तर ऐकून घे.

तुझी,
मावशी