नावाआधी काय लावावे?

प्रश्न : मंडळाच्या सत्कार समारंभाची पत्रिका छापायला टाकायची आहे. प्रमुख पाहुण्यांना पद्मश्री मिळालेली आहे. नावाआधी 'पद्मश्री' छापावे का? (सातारा)

उत्तर : छापू नये. राज्यघटनेच्या १८व्या कलमानुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडून सरकार कोणताही किताब देऊ शकत नाही. मग पद्म पुरस्कार कसे चालतात? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात सांगितले, की हे किताब नव्हेत, पुरस्कार आहेत. म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येणार नाहीत. भारतरत्नालाही हेच लागू. आपण हौसेने छापतो आणि अडचणीत पाहुणे येतात, कारण गैरवापर झाल्यास पुरस्कार काढून घेता येतो.

सन्मानाचा उल्लेख करायला मात्र मुळीच हरकत नाही. नाव नुसते छापा आणि खाली परिचयाच्या ओळीत 'अमुक साली पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' असे पूर्ण वाक्य द्या. सूत्रसंचालकाच्या कागदावरही हेच लिहून द्या, नाहीतर पत्रिका शुद्ध आणि माईकवर सगळे मुसळ केरात! 'डॉ.', 'प्रा.', 'कर्नल (निवृत्त)' खुशाल लावा. डॉक्टरेट मानद असेल, तर 'डॉ.' न लावण्याचा संकेत आहे.

प्रश्न : मानपत्राचा मसुदा करताना प्रसिद्ध, नामवंत, प्रथितयश, ज्येष्ठ यांपैकी कोणता शब्द कोणाला लावावा? (नाशिक)

उत्तर : 'प्रसिद्ध' सगळीकडे चालतो, माणसाला, गावाला, कंदी पेढ्यांनाही. त्यामुळेच मानपत्रात तो फिका पडतो. 'नामवंत' आणि 'ख्यातनाम' माणसांसाठी. 'नामांकित' शाळेला, पेढीला, रुग्णालयाला शोभतो. पण हल्ली 'पुरस्कारासाठी नामांकित' असेही छापतात, तेव्हा माणसाला लावाल तर पुरस्कार हुकल्यासारखे वाटायचे.

'प्रथितयश' म्हणजे ज्याचे यश सर्वत्र पसरले आहे असा. व्यवसायात पाय रोवलेल्या वकिलाला, शल्यविशारदाला तो नेमका बसतो. पहिलाच संग्रह आलेल्या कवीला नाही, त्याला 'नवोदित' म्हणावे. सर्वांत जास्त चुकतो तोही हाच शब्द. निम्म्या पत्रिकांत 'प्रतिथयश' असते. मुळात 'प्रथित' आहे, 'प्रति'चा इथे काही संबंध नाही.

'ज्येष्ठ' वय आणि अनुभव सांगतो, 'श्रेष्ठ' गुणवत्ता. पंचेचाळिशीच्या लेखिकेला 'ज्येष्ठ साहित्यिक' म्हटल्यास ती खूश होईलच असे नाही. 'गाजलेला' नाटकाला, खटल्याला किंवा भाषणाला लावावा. माणसाला लावला की कशाबद्दल गाजला, असा प्रश्न येतो. 'मातब्बर' शब्दात पैसा आणि वजन आहे, गुण असतीलच असे नाही. 'बडे प्रस्थ' हा शब्द लोक पाठीमागे वापरतात, तो मानपत्रात नको. 'मान्यवर' मात्र व्यासपीठावरच्या सगळ्यांसाठी असतो, त्याने कोणाचीच थोरवी कळत नाही.

एका माणसाला एकच विशेषण, फार तर दोन. 'सुप्रसिद्ध, ख्यातनाम, नामवंत' अशी रांग लावली, तर तिन्हींचा अर्थ एकच होतो आणि माणसाने नेमके काय केले ते राहूनच जाते. विशेषणाऐवजी काम लिहा: कोणती संस्था उभी केली, किती वर्षे चालवली.

प्रश्न : 'प्रसिद्धीपत्रक' की 'प्रसिद्धिपत्रक'? (लातूर)

उत्तर : 'प्रसिद्धिपत्रक'. प्रसिद्धी, कीर्ती हे शब्द सुटे असताना शेवटची वेलांटी दुसरी; समासात किंवा प्रत्यय लागून नवा शब्द झाल्यास पहिली: प्रसिद्धिपराङ्मुख, कीर्तिवंत, कीर्तिमान. विभक्तीत दुसरीच राहते: प्रसिद्धीला, कीर्तीचा. 'प्रतिष्ठित'मध्ये 'ष्ठि' ऱ्हस्वच.

प्रश्न : पणजोबांचा उल्लेख जुन्या कागदांत कुठे 'रावसाहेब', तर कुठे 'रावबहादूर' असा आहे. वंशावळीत काय लिहावे? (कोल्हापूर)

उत्तर : ब्रिटिश अमदानीत हे दोन वेगळे किताब होते. रावसाहेब खालचा, त्यावर रावबहादूर, त्याहून वर दिवाणबहादूर. एकाच माणसाला आधी खालचा, पुढे वरचा मिळणे शक्य असे. म्हणून आधी कागद तारखेनुसार लावा. उलट, रावसाहेब हे घरगुती किंवा पाळण्यातले नावही असते. त्यामुळे सनद किंवा सरकारी गॅझेटमधली नोंद मिळाल्याशिवाय किताब धरू नये. १९११ नंतर किताबाबरोबर पदकासारखा बिल्लाही देत आणि त्यावर किताबाचे नाव असे. घरच्या जुन्या पेटीत तो सापडला, तर फीतही पाहा: रावबहादूरची तांबडी, रावसाहेबची गडद निळी. किताब त्या व्यक्तीपुरताच होता, वंशपरंपरागत नव्हता. म्हणून आजोबांच्या नावाला तो जोडू नका.