वाचक विचारतात : बालीतला अर्जुन कोणाला कळतो?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही ग्रुप टूरने बालीला जाऊन आलो. उबुदला रात्री चामड्याच्या बाहुल्यांचा, सावल्यांचा खेळ होता. महाभारत आहे म्हणाले म्हणून हौसेने पुढे जाऊन बसलो, पण अर्जुन बोलायला लागला की सगळे गप्प आणि एक ढेरपोट्या काळा माणूस आला की तिकडची माणसं पोट धरून हसतायत. आम्हाला ओ की ठो कळलं नाही, ह्यांना तर झोपच लागली. नक्की काय चाललेलं? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : ताई, ह्यांना बोल लावू नका. अर्जुन काय म्हणतो ते शेजारी बसलेल्या बालीच्या आजोबांनाही धड कळत नसतं. राजे, देव, पांडव हे सगळे बोलतात कवी भाषेत, म्हणजे जुनी जावानीज, ती आज कोणी घरात बोलत नाही. मग गोष्ट कळते कशी, तर नोकरांकडून. तो ढेरपोट्या म्हणजे त्वालेन, पांडवांचा गडी, सोबत त्याचा मुलगा मेर्दाह. समोरच्या पार्टीकडे देलेम आणि सांगुत, देलेम नुसता बढाया मारणारा आणि सांगुत आतल्या गाठीचा. मालक दोन ओळी गाऊन बोलला की गडी तेच साध्या बालीनीजमध्ये सांगतो आणि सांगता सांगता गावातलं राजकारण, महागाई, कोणाची तरी खोड, सगळं त्यात घालतो. आपल्याकडे कीर्तनात बुवा संस्कृत श्लोक म्हणून मग मराठीत फोड करतात आणि मध्येच पहिल्या रांगेतल्या कोणाला तरी टोमणा मारतात ना, तसंच समजा. गंमत म्हणजे हा त्वालेन मुळात देवच आहे असं तिकडे मानतात, त्यामुळे तो मालकालाही चार शब्द सुनावतो आणि मालक ऐकून घेतो. तुम्ही अर्जुनाकडे बघत बसलात, बघायचं होतं त्वालेनकडे!

आणि हे सगळे आवाज एकट्या माणसाचे बरं का. त्याला दालांग म्हणतात. पडद्यामागे मांडी घालून बसतो, डोळ्यांसमोर खोबरेल तेलाचा दिवा टांगलेला, ज्योत हलते म्हणून सावल्याही जिवंत वाटतात. चांगली पात्रं त्याच्या उजवीकडे, बाकीची डावीकडे. दोन्ही हातात बाहुल्या, म्हणून पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा धरून तो पेटीवर ठकठक करतो, लढाई असो की नुसती एंट्री, वाजवणाऱ्यांना इशारा त्या ठोक्यातूनच जातो. महाभारताच्या खेळाला वाजवणारे चारच, प्रत्येकापुढे दहा पट्ट्यांचं गेंदेर नावाचं वाद्य. पुढच्या वेळी पडद्यामागे बसू देतात का विचारा, मला विचाराल तर खरा खेळ तिकडेच. आणि कथा ओळखीची वाटली नाही तर घाबरू नका, बऱ्याचदा दालांग महाभारताला स्वतःची फांदी फोडतो, ती व्यासांकडे शोधून सापडायची नाही.

प्रश्न : मग रामायण कोणाचं सांगतात तिकडे, वाल्मीकींचंच का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : हा प्रश्न आपल्या गावाला शोभला, कारण वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात आपल्याच बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने काढली. पण बालीत जे जपलंय ते जुन्या जावानीजमधलं काकाविन (म्हणजे दीर्घकाव्य) रामायण, आणि त्याचा मोठा भाग उभा आहे भट्टिकाव्यावर. आता हे भट्टि कुठले, तर वलभीचे! भावनगरजवळचं वलभी. धरसेन राजाच्या राज्यात, वलभीत हे काव्य रचलं असं त्यांनी स्वतःच शेवटी लिहून ठेवलंय. व्याकरण शिकवायला लिहिलेलं काव्य, आपल्याकडे विद्यार्थी घोकून घोकून कंटाळले असतील आणि तिकडे जावात जाऊन त्याची केवढी मोठी कथा झाली. महाभारताचंही तसंच, जावातलं भारतयुद्ध हे काकाविन ११५७ मधलं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्याही आधीचं.

प्रश्न : उलुवातूला सूर्यास्ताच्या वेळी चक-चक करणारे उघडे पुरुष बघितले, गाइड म्हणाला हजारो वर्षांची परंपरा. खरं का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : नाही हो. केचाक आज दिसतं तसं १९३० च्या दशकातलं. अंगात येण्याचा सांगह्यांग नावाचा जुना विधी आहे, त्यातला पुरुषांचा कोरस उचलून बेदुलू गावचे नर्तक वायान लिंबाक आणि तिथे राहणारा जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस यांनी त्यात रामायण घातलं. पाहुण्यांसाठीच केलं, पण म्हणून खोटं म्हणायचं का? मला नाही वाटत. एकही वाद्य नाही, नुसत्या तोंडाने एवढा मोठा ताल सांभाळायचा, करून बघा घरी पाच मिनिटं.

प्रश्न : एका देवळात भर दुपारी बाहुल्यांचा खेळ चालू होता. ना पडदा, ना अंधार, बघायलाही कोणी नाही. पैसे वाचवायला करतात का असं? (आधीच्याच रावपुऱ्याच्या ताई)

उत्तर : तुम्हाला टूरवाल्यांनी दाखवलं नाही ते नशिबाने दिसलं! हा वायांग लेमाह, दिवसाचा खेळ. प्रेक्षक देव आहेत, म्हणून सावली लागत नाही. पडद्याच्या जागी दादाप झाडाच्या दोन फांद्यांना बांधलेला सुती दोरा, त्याला बाहुल्या टेकवतात. लोक आपापल्या पूजेच्या गडबडीत, दालांग आपला सांगतोय. दालांगला तीर्थ करायचा अधिकार असतो, त्यामुळे तो नुसता कलाकार नाही.

असंच मुखवट्यांचं तोपेंग पजेगान. एकच माणूस एकामागून एक मुखवटे बदलतो, कथा रामायणाची नाही तर बालीच्या स्वतःच्या राजांची. पूर्ण मुखवटा घातलेला राजा बोलूच शकत नाही, नुसता नाचतो. बोलतो तो अर्ध्या मुखवट्याचा सेवक, कारण त्याचा जबडा मोकळा असतो. म्हणजे इथेही गोष्ट सांगणारा नोकरच. शेवटी दात पुढे आलेला सिदाकार्याचा मुखवटा येतो आणि तांदूळ, नाणी उधळतो. तो आला की विधी पुरा झाला. तेव्हा मधूनच उठून जेवायला जाऊ नका, बस सुटली तरी चालेल.