हायवेच्या कडेची पाटे-कमानीची छोटी दुकानं आली कुठून, आणि अजून टिकली कशी?

आमचं असंच एक दुकान कराडला आहे, आजोबांपासूनचं. तेव्हा आमच्याच भागापुरतं सांगतो. पाटे म्हणजे गाडीखाली धक्के झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या; त्यांचा बाक म्हणजे कमान.

ही दुकानं निघाली लोहाराच्या भट्टीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले फोर्ड, शेवरोले, डॉज रस्त्यावर आले. मग १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज. गाड्या वाढल्या, पण सुटा भाग हवा तर पुण्या-मुंबईला माणूस धाडायचा. पाटा तुटला की ड्रायव्हर जवळची भट्टी शोधायचा. आजोबा तोवर बैलगाडीच्या चाकांना धावा चढवत होते. तेच काम हळूहळू पाट्यांकडे वळलं. कराडात त्याला जोर आला तो कोयनेमुळे. धरणाचं सिमेंट-लोखंड पाटणच्या रस्त्याने जायचं, पलीकडे कुंभार्ली घाटातून चिपळूणची वाहतूक होतीच. पुढे साखर कारखाने आले, आणि गळीत हंगामात दुकानाला रात्र उरली नाही.

कामाचं म्हणाल तर मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब, बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी तुटतो. भोकामुळे तिथे पट्टी कमी उरते, त्यात पाटे अ‍ॅक्सलला आवळणारा यू-बोल्ट ढिला असेल तर सगळा ताण तिथेच येतो. म्हणून गाडी आली की आमच्याकडे आधी यू-बोल्टला पाना लागतो. नवा पाटा बसवला की थोडं चालवून पुन्हा आवळायला या, असं वडील प्रत्येकाला बजावायचे. येणारे फार थोडे.

कमान बसली, म्हणजे बाक सपाट झाला असेल, तर दोन वाटा. घणाने गार ठोकून कमान चढवायची, हे स्वस्त आणि झटपट, पण लोड पडला की बऱ्याचदा काही दिवसांत परत बसते. दुसरी वाट भट्टीची. पाट्याचं स्टील सिलिकॉन-मँगनीजचं. ते साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून, कमान देऊन तेलात बुडवायचं, मग ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवायचं. ही दुसरी तापवणी चुकवली तर पाटा पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तडकतो, जास्त झाली तर मऊ पडतो. वडील पहिली तापवणी लोखंडाच्या लालीवरून ठरवायचे, भट्टीही त्यासाठी सावलीत होती. जुना पाटा नुसता तापवून, काळा रंग मारून नवा म्हणून विकणारेही या धंद्यात आहेत. घेताना आतल्या बाजूला घासल्याच्या खुणा दिसतात का ते बघा.

आता टिकण्याबद्दल. आडपडदा न ठेवता सांगतो, आमचा धंदा ओव्हरलोडवर उभा होता. मालक म्हणायचा, "दोन पाटे वाढवा." वाढवले की गाडी लोडने खाली बसत नाही, पण अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. गाडी कडक होते आणि धक्के चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतात. मग चासीला तडा, वेल्डिंग, पुन्हा तडा. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या अ‍ॅक्सलचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टन केला, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड दोन हजारांवरून वीस हजार झाला, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. त्याआधीच हायवे चौपदरी होऊन गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या होत्या. कमी पाट्यांच्या पॅराबोलिक स्प्रिंगाही आल्या. ट्रकचं काम उतरलं.

मधल्या काळात मारुतीपासून कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या, स्प्रिंगच्या गाड्या घरोघरी झाल्या. कॉइल कोणी दुरुस्त करत नाही. बदलतात, तेही जोडीने, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. म्हणजे आमच्या हाताला काम नाही, फक्त काउंटरला. आज विक्री बुश, शॉकअप, शॅकल पिन असे सुटे भाग आणि तयार पाट्यांची. भट्टी महिन्यातून क्वचित पेटते. तुटलेल्या पाट्यांना मात्र अजून गिऱ्हाईक आहे: ऊसतोडीचे कोयते घडवणारे लोहार ते वजनावर उचलतात, कारण धार धरणारं इतकं चांगलं स्टील त्या भावात दुसरीकडे मिळत नाही.

छोटी पिकअप आणि उसाच्या ट्रॉल्या, यांच्यावर सध्या दुकान चालतं. ट्रॉलीवाले अजूनही म्हणतात, "एक पाटा वाढवा." आम्ही वाढवून देतो.