दर आठवड्याच्या नव्या कॉमिक्समधून आवडतं एकच कसं निवडता?

तुम्ही लिहिलंय की बुधवारी नवी अमेरिकन कॉमिक्स आली की त्याच दिवशी सात-आठ अंक वाचून होतात, पण मित्रांनी ‘यातलं सगळ्यात भारी कोणतं?’ विचारलं की काही सुचत नाही. माझं ऐकाल तर बुधवारी ठरवूच नका. रविवारी ठरवा.

मी इंदूरचा. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत एक जण दोरीला कॉमिक्स टांगून किरायानं द्यायचा. (मुंबईच्या मावशीनं ‘भाडं म्हण रे’ असं कितीदा सांगितलं, पण आम्हा इंदूरकरांच्या तोंडी किरायाच.) इंद्रजाल कॉमिक्सचा तेव्हा जोर होता. खिशात एकाचेच पैसे, म्हणून दादा आणि मी मुखपृष्ठ बघून निवडायचो आणि हमखास फसायचो. बाहेर वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) मगरीशी झुंजतोय. आत मगर एकाच चौकटीत, तीही शेपटीपुरती. मावशी मराठी अंक आणायची त्यात वेताळ, दोरीवरच्या हिंदी अंकात वेताल. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या मित्राला ‘ळ’ म्हणायला लावणं हा आमचा वेगळा उद्योग. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं, पण मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही हे डोक्यात राहिलं ते राहिलंच. आता तर एकाच अंकाची चार-पाच मुखपृष्ठं निघतात, आतला मजकूर तोच.

बुधवारी का नको? अमेरिकन अंकात साधारण वीस-बावीस पानंच गोष्टीची असतात, बाकी जाहिराती. दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. त्यात गोष्ट पुरी होतच नाही, कारण पाच-सहा अंक जोडून पुढे पुस्तक काढायचं हे बरेचदा आधीच ठरलेलं असतं. मग लेखक शेवटच्या पानावर कुणाला तरी मारतो नाहीतर मेलेल्याला परत आणतो. वाचल्या वाचल्या तुम्हाला जे ‘भारी’ वाटतं ते निम्म्या वेळा हेच शेवटचं पान असतं. पहिल्या अंकांचंही तसंच. नव्या नवरीचं कौतुक! तिसऱ्या अंकापर्यंत थांबा.

मी काय करतो सांगतो. सगळे अंक एकदा वाचून बाजूला ठेवतो. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की स्वतःला विचारतो, अंक न उघडता कोणती चौकट आठवते? गेल्या महिन्यात एका अंकात म्हातारा सैनिक बुटाची नाडी बांधतो. चार चौकटी, एक शब्द नाही. तिसऱ्या चौकटीत बोटं नुसती थांबलेली, चौथीत गाठ बसलेली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका अंकात अख्खं शहर उद्ध्वस्त झालं होतं. ते कोणतं शहर होतं, आज आठवत नाही.

दोन अंकांत अडलं तर मग ते उघडायचे आणि अंगठ्यानं संवादाचे फुगे झाकून पान बघायचं. कोण चिडलंय, कोण खोटं बोलतंय हे चेहऱ्यावरून, उभं राहण्यावरून कळलं तर चित्रकारानं काम केलंय. फुगे झाकल्यावर सगळे एकाच चेहऱ्याचे पुतळे दिसले, तर तो अंक बाद. कथा कितीही गाजत असो. हा माझा हट्ट आहे, तुम्ही पाळायलाच हवा असं नाही.

आणि एकच निवडायचा हट्ट कशाला? जपानच्या शोनेन जंप या कॉमिक्सच्या साप्ताहिकात वाचकांकडून कार्डावर तीन आवडत्या मालिका मागवत आलेत, आणि त्यात सतत मागे पडणाऱ्या मालिकेला गाशा गुंडाळावा लागतो. तीन निवडायला सोपं जातं. तिसरं नाव लिहिताना मात्र माणूस खरं बोलतो, कारण पहिली दोन बहुधा सगळ्यांची सारखीच असतात.

आमच्या लेकीला यातलं काहीच पटत नाही. रविवारी रात्री साडेआठला जंपची नवी प्रकरणं मोबाइलवर येतात, आणि पावणेनऊपर्यंत तिचा निकाल लागलेला असतो. सैनिकाचं ते पान मी तिला कौतुकानं दाखवलं. तिनं बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाली, “बाबा, या चित्रकारानं डाव्या पायात उजवा बूट काढलाय.”

खरंच काढला होता. तरी त्या आठवड्याचा माझा अंक तोच.