बाबांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे, खोलीत नसलेली मुलं दिसतात. आई थकली आहे. घरी कसं सांभाळावं?

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. सासूबाईंना हाच आजार होता.

‘तिथे कुणी नाही’ म्हणून वाद घालू नका. सासूबाईंना खुर्चीवर मांजर दिसायचं. आम्ही समजवायला गेलो की रडायच्या. ‘असू दे, जाईल दूध पिऊन’ म्हटलं की विषय संपायचा. संध्याकाळी दिवे लवकर लावा, खुंटीवरचे कपडे काढा. भासातली बरीच माणसं त्या सावल्यांतूनच तयार होतात.

खरी काळजी औषधांची. हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची औषधं या आजारात उलटू शकतात: अंग ताठरतं, गुंगी येते, कधी जिवावर बेततं. निदानाचा कागद पाकिटात ठेवा, कॅज्युअल्टीत आधी तोच दाखवा. रिव्हास्टिग्मिन या डिमेन्शियावरच्या औषधाबद्दल न्यूरोलॉजिस्टला विचारा.

सकाळी पेपर वाचणारा माणूस दुपारी मुलाला ओळखत नाही. हे नाटक नव्हे, आजारच असा वरखाली होतो. तलावपाळीची फेरी, बँकेच्या सह्या चांगल्या तासांत उरका. उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसवा. बीपी एकदम उतरतो.

आता आईचं. बाबा झोपेत हातपाय झाडत असतील, तर तिचा पलंग वेगळा करा. आठवड्यातून एक दुपार तिला गडकरीला नाटकाला पाठवा, तेवढा वेळ तुम्ही थांबा. मी सहा महिने उंबरा ओलांडला नव्हता, शेवटी माझ्याच बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. मग नणंदेने रविवार घेतला. मागितला म्हणून घेतला, बरं का. आपणहून कुणी विचारत नाही.