स्टिम्युलंट गोळीऐवजी ब्राह्मी, अश्वगंधा किंवा गिंको घेतलं तर लक्ष लागेल का?

तुम्ही लिहिलंय की एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या त्रासाचं, निदान झालंय, मनोविकारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट ही स्टिम्युलंट (मेंदूला उत्तेजन देणारी) गोळी लिहून दिलीय, पण सवय लागेल या धास्तीने ती गोळी तुम्ही अजून सुरू केलेली नाही. त्याऐवजी एखादी वनस्पती चालेल का, हा तुमचा प्रश्न. मलाही हे निदान मोठेपणीच झालं. गोळी सुरू करण्याआधी मी काही महिने ब्राह्मी आणि अश्वगंधा दोन्ही घेऊन पाहिल्या, आणि या विषयावर जे सापडेल ते वाचत गेले. त्यातून जे कळलं ते सांगते.

थेट उत्तर आधी देते. एडीएचडीच्या लक्षणांवर स्टिम्युलंटच्या तोडीचं काम करते असं पक्कं सिद्ध झालेली एकही वनस्पती आज नाही. काहींचे अभ्यास झालेत, पण त्यातले बरेच छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत.

गिंकोची मुलांमध्ये मिथाइलफेनिडेटशी समोरासमोर तुलना झाली आहे, त्यात गिंको बरंच मागे पडलं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीची 2008 साली 54 मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली आणि ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. केशराबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. 2019 च्या एका अभ्यासात केशर आणि मिथाइलफेनिडेट यांच्यात फरक आढळला नाही, आणि त्यावरून ‘केशर गोळीइतकंच प्रभावी’ असं सर्रास सांगितलं जातं. पण त्यात मुलं होती 54, काळ होता सहा आठवडे, आणि प्लासिबो घेणारा गट नव्हताच. इतक्या कमी मुलांमध्ये फरक दिसला नाही म्हणून दोन्ही सारखेच, असं म्हणता येत नाही. मोठी चाचणी होऊन तेच निष्कर्ष आले तर मला मनापासून आनंद होईल.

ब्राह्मीवर सर्वांत जास्त भरवसा ठेवला जातो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. निरोगी प्रौढांवरच्या काही चाचण्यांत सुमारे बारा आठवडे नियमित घेतल्यावर लक्षात ठेवलेलं नंतर आठवण्यात थोडी सुधारणा दिसली आहे. ही स्मरणशक्तीची गोष्ट झाली. एडीएचडीत आपली अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते: काम माहीत असतं, करायचंही असतं, तरी सुरू होत नाही, आणि सुरू झालं तर मध्येच सुटतं. अतिचंचल आणि लक्ष न लागणाऱ्या मुलांवर ब्राह्मीच्या अर्काची जी चाचणी झाली, तिच्यात या मुख्य लक्षणांत प्लासिबोपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. माझा अनुभवही साधारण तसाच. रिकाम्या पोटी घेतली की पोटात मुरडा यायचा, जेवणानंतर घेतली तर त्रास नव्हता, पण अर्धवट कामांचा ढीग होता तसाच राहिला. अश्वगंधेने मात्र झोप सुधारली आणि संध्याकाळची चिडचिड कमी झाली. तो फायदा खरा होता, आणि ताण व झोपेबाबत तिला थोडाफार पुरावाही आहे. पण झोप सुधारणं आणि एडीएचडीवर उपचार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे. मिथाइलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन पुन्हा शोषलं जाणं रोखतं, त्यामुळे ती रसायनं पेशींमधल्या जागेत जास्त वेळ उपलब्ध राहतात. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, सावकाश सुटणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. म्हणजे न मानवल्यास तिचा असर बहुतेक त्याच दिवशी ओसरतो. गैरवापर होऊ शकतो हे खरं आहे, म्हणूनच ती नियंत्रित औषधांत मोडते. पण ठरलेल्या मात्रेत तोंडाने घेतल्यावर मेंदूतली पातळी हळूहळू चढते, नशेसाठी घेणाऱ्यांना हवा असतो तसा एकदम झटका बसत नाही. लहानपणी स्टिम्युलंट घेतलेल्यांमध्ये पुढे व्यसनांचं प्रमाण त्यामुळे वाढलं, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसत नाही. भूक मरणं, झोप उशिरा लागणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे दुष्परिणाम मात्र खरे आहेत. तुम्हाला किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

आणि एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती: स्टिम्युलंट आणि वनस्पती यांच्यामध्ये आणखी एक वाट आहे. अॅटोमोक्सेटिन हे स्टिम्युलंट नसलेलं औषध आहे, अमेरिकेत 2002 पासून एडीएचडीसाठी मान्य, मुलांना आणि प्रौढांनाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण गैरवापराची चिंता तिथे जवळपास नाही. सोबत वर्तन-उपचारही घेता येतात. सवयीची भीती वाटते एवढं स्पष्ट सांगितलंत तरी डॉक्टर याचा विचार करतील.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. सेंट जॉन्स वर्ट गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं, आणि नैराश्याच्या काही औषधांसोबत घेतलं तर धोकादायक प्रतिक्रिया होऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, गरोदरपणात टाळावीच. ‘फोकस’ वाढवणाऱ्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा ग्वाराना असतं, म्हणजे कॅफिन, म्हणजे पुन्हा स्टिम्युलंटच. शुद्धतेचा प्रश्न तर आहेच: इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांची 2008 साली तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

तरीही घेऊन पाहायची असेल तर मी अडवणार नाही. फक्त एका वेळी एकच घ्या, नाहीतर कशाचा काय परिणाम ते कळणार नाही. डब्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, अर्काचं प्रमाण आणि जड धातूंच्या तपासणीचा उल्लेख आहे का ते बघा. सुरू करण्याआधीच दोन-तीन मोजता येतील अशा गोष्टी लिहून ठेवा: किती बिलं वेळेवर भरली, किती कामं हातावेगळी झाली. ब्राह्मीसाठी तीन महिने पुरेत, आणि फरक पडला का हे घरच्या कुणाला तरी विचारा, कारण नवीन गोष्ट सुरू केल्याच्या उत्साहात आपल्याला स्वतःला बरंच काही बरं वाटतं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर घेतलेलं लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

पण नोकरी जायची वेळ आली असेल, गाडी चालवताना लक्ष उडून अपघात होता होता राहिला असेल किंवा मन फार खचलं असेल, तर हे तीन महिने वनस्पतीवर घालवू नका. तेव्हा आधी डॉक्टरांना गाठा. जाताना घेत असलेल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड तपासलं आहे का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारून घ्या. लोह कमी असलं किंवा झोप मोडत असली तरी लक्ष असंच उडतं, आणि त्यावरचे उपचार वेगळे आहेत.